बस्तरच्या वाटेवर निघण्यापूर्वी

डिसेंबर उजाडला की भिलाईच्या वसाहतींमध्ये पहाटेचे एक दृश्य हमखास दिसू लागते. पोलाद कारखान्याच्या धुरांड्यांतून निघणारी वाफ आणि धुके यांची सरमिसळ झालेली असते, नाक्यावरच्या शेकोटीभोवती सुरक्षारक्षक आणि दूधवाले हात शेकत उभे असतात, आणि कुठल्याशा क्वार्टरसमोर बॉनेट उघडलेल्या मोटारीभोवती दोन-तीन शेजारी गंभीर चेहऱ्याने जमलेले असतात. सेल्फ मारला की इंजिन एकदा घरघरते, दुसऱ्यांदा कण्हते आणि तिसऱ्यांदा नुसताच टक् असा आवाज येतो. मग कोणी धक्का मारण्याची तयारी दाखवतो, कोणी आपल्या गाडीतून जंपर केबल काढून आणतो. मोटारमालक शेवटी रिक्षाने कामावर जातो आणि दुपारी सुपेल्याच्या बाजारातून नवी बॅटरी येते. एका सकाळीचा खोळंबा, याहून अधिक नुकसान होत नाही.

हीच बॅटरी बिजापूरच्या पुढे, दोन्ही बाजूंना जंगल असलेल्या रस्त्यावर, दुपारी साडेचार वाजता निकामी झाली तर? गाडीत आजी-आजोबा आहेत, मुले आहेत, मोबाइलच्या पडद्यावर नेटवर्कची एकही रेघ नाही आणि तासाभरात अंधार पडणार आहे. बिघाड तोच, बॅटरी तीच, किंमतही तीच. बदलले आहे ते मदतीपासूनचे अंतर. लांबच्या वनप्रवासासाठी गाडी सज्ज करताना हे अंतर सतत डोळ्यांपुढे ठेवावे लागते. गावात क्षुल्लक ठरणारी प्रत्येक उणीव तिथे किती महाग पडेल, या हिशेबानेच तयारीचा क्रम लावावा लागतो.

भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी कुटुंबांना नागपूरचा रस्ता पाठ असतो. सणवार, लग्नकार्ये आणि मुलांची शिक्षणे या निमित्ताने पश्चिमेकडे त्यांचे जाणे-येणे चालूच असते. दक्षिणेकडची वाट मात्र पुष्कळांनी अर्धीच पाहिलेली असते. धमतरी, कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव आणि जगदलपूर. तेथून चित्रकोटचा धबधबा, कांगेर खोऱ्यातील तीरथगड आणि कुटुमसरची गुहा पाहून माघारी. पण जगदलपूरहून परत न फिरता गीदम, बिजापूर, भोपालपटनम असे पुढे गेले की इंद्रावती ओलांडून रस्ता महाराष्ट्रात सिरोंचाला उतरतो. तेथून आलापल्लीचे सागवान, गडचिरोली आणि राजनांदगाव करीत हे वर्तुळ पुन्हा भिलाईत पूर्ण होते. आलापल्लीहून थोडी वाट वाकडी केली तर भामरागडच्या अलीकडे हेमलकसा लागते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात महिनोन्महिने जगाशी संपर्क तुटणे ही त्या भागाची सवयच होती. वाकडी वाट वगळता हे वर्तुळ हजार किलोमीटरच्या आसपास भरते. त्याला चार-पाच दिवस द्यावेत.

या प्रवासाला हिवाळाच योग्य. पावसाळ्यात नाल्यांवरचे रपटे पाण्याखाली जातात आणि कुटुमसरची गुहाही बंद असते. उन्हाळ्यात साल आणि सागाच्या वनात सावली विरळ होते आणि चित्रकोटची रुंद धार बारीक होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रस्ते कोरडे, नद्या वाहत्या आणि हवा प्रसन्न असते. तयारीचा प्रश्न उरतो तो याच प्रसन्न हवेच्या पोटात दडलेल्या काही गोष्टींचा.

आपला हिवाळा आणि इतरांचा

हिवाळी प्रवासाची तयारी म्हटले की बर्फाची चित्रे डोळ्यांपुढे येतात. सैबेरियात याकुत्स्क ते मगदान या सुमारे २००० किलोमीटरच्या कोलिमा महामार्गावर हिवाळ्यात तापमान उणे ५० अंशांपर्यंत उतरते, आणि तिथले चालक वाटेत इंजिन बंद करण्याचे धाडस सहसा करीत नाहीत, कारण थंडगार पडलेले इंजिन पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते. आपल्याकडे लडाखमध्ये साधे डिझेल थंडीने घट्ट होते. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल बाजारात आणले. भिलाईच्या गाडीला यातले काहीही लागत नाही. बस्तरच्या पठारावर पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जाते, इतकेच.

मग बॅटऱ्या नेमक्या डिसेंबरातच का बसतात? याचे उत्तर मे महिन्यात आहे. शिसे आणि आम्ल यांवर चालणाऱ्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता असतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. त्यात बॅटरीतील पाणी आटते आणि आतल्या जाळ्या गंजत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ नियम जाणकार सांगतात. ही झीज उन्हाळ्यात लक्षात येत नाही, कारण गरम इंजिन हलक्या धक्क्याने सुरू होते. थंडीत तेल दाट होते, इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावलेली असते. उन्हाळ्याने केलेली इजा हिवाळ्यात अशी उघडी पडते. छत्तीसगडच्या हवामानात तीन वर्षांहून जुनी बॅटरी घेऊन या वाटेला लागणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

तपासणी अवघड नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या जवळपास असावा; तो १२.२ वर आला असेल तर साठा निम्माच उरला आहे असे समजावे. इंजिन सुरू असताना तो १४ च्या आसपास जायला हवा, न गेल्यास दोष अल्टरनेटरकडे शोधावा. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, पुसून त्यावर व्हॅसलीनचा हात फिरवावा. जंपर केबल विकत घेताना ती जाड तारेची घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये प्लास्टिक भरपूर आणि तांबे नावालाच असते.

चाके

भिलाईत हवा भरण्याची वेळ बहुधा संध्याकाळची, कामावरून परत येताना. चाके तोवर धावून तापलेली असतात, हवाही कोमट असते. यंत्रावर ३३ चा आकडा दिसतो आणि मालक समाधानाने घरी जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे दहा अंशांत तीच चाके तीन-चार अंकांनी खाली आलेली असतात. तापमान साधारण साडेपाच अंशांनी घटले की टायरमधील दाब एका अंकाने उतरतो. त्यात पाच माणसे आणि पाच दिवसांचे सामान. कमी हवेचे टायर खड्ड्याच्या कडेवर आपटले की बाजूची भिंत रिमवर चिमटून फाटते, आणि ही फाट कोणत्याही पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरावी. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप जवळ असल्यास हे काम मुक्कामावरही होते.

टायरवर चार अंकी संख्या कोरलेली असते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ३२२१ असे असेल तर ते टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाले. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. जंगलातील खडीच्या रस्त्याला ती त्याहून बरीच अधिक असलेली बरी. शहरात कमी चालवलेल्या गाडीची नक्षी शाबूत असते, पण रबर मात्र वयाने कडक झालेले असते. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसू लागल्या असतील तर त्या टायरला शहरातच निवृत्त करावे.

आणि स्टेपनी. वर्षानुवर्षे डिकीच्या तळाशी पडून राहिलेली ही बिचारी ऐन वेळी दगा देते, यात तिचा दोष नसतो. निघण्यापूर्वी तिच्यात इतर चाकांपेक्षा चार अंक अधिक हवा भरून ठेवावी. अलीकडच्या अनेक गाड्यांत ती आकाराने लहान असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. अशा स्टेपनीवर सिरोंचा-आलापल्लीचा रस्ता पार करण्याचा बेत आखू नये. हा रस्ता दीर्घकाळ आपल्या दुरवस्थेसाठीच ओळखला गेला आहे. ट्यूबलेस टायरची पंक्चर काढण्याची पेटी, म्हणजे टोचा, सुई आणि चिकट दोऱ्या, फारशी महाग नसते. ती घेऊन घरच्या अंगणात एकदा चाक प्रत्यक्ष बदलून पाहावे. यंत्राने आवळलेले नट गाडीसोबतच्या आखूड पान्याने सुटत नाहीत, हे ज्ञान अंगणात झालेले चांगले. कित्येकांना ते रस्त्यावर होते. जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळीही बरोबर असावी. भुसभुशीत कडेला जॅक जमिनीत रुततो आणि गाडी आहे तिथेच राहते.

घाट आणि गाडीचे पोट

कांकेर सोडल्यावर केशकालचा घाट लागतो. बारा वळणांमुळे त्याला बारा भंवर घाटी असेही म्हणतात. वाटेत तेलीन सत्ती मातेचे मंदिर आहे, तिथे ट्रकचालक क्षणभर थांबून हात जोडतात. एका परीने ही थांबण्याची रीत यंत्रालाही मानवते, कारण चढाने तापलेल्या इंजिनाला आणि उताराने तापलेल्या ब्रेकना तेवढीच उसंत मिळते. दुरुस्तीच्या काळात हा घाट काही दिवस बंद ठेवून वाहने दुसऱ्या रस्त्याने वळवली जातात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. दोन वर्षे झालेले ऑइल सपाट रस्त्यावर ठीक वाटते, पण लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातील पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडते. ते बदलण्याचा खर्च एका हॉटेलातील जेवणाहून फारसा अधिक नाही. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग इंजिनानेच आवरावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवण्याची चाल जुन्या काळापासून चालत आली आहे, आणि तितकीच जुनी तिची किंमतही आहे.

कूलंटविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पाणी गोठू नये म्हणून ते घालतात, आणि आपल्याकडे पाणी गोठतच नाही, तेव्हा नळाचे पाणी चालेल, असा तो युक्तिवाद. वस्तुतः कूलंटमुळे उकळण्याचा बिंदूही वर जातो आणि रेडिएटरच्या आत गंज व क्षार धरत नाहीत. नळाच्या पाण्याने बारीक नळ्या आतून बुजत जातात आणि त्याचा प्रत्यय नेमका घाटाच्या आठव्या-नवव्या वळणावर येतो. ठरलेल्या प्रमाणातील कूलंटचा एक लिटरचा डबा आणि इंजिन ऑइलचा एक डबा डिकीत असावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दरवर्षी कोणाचे तरी हात भाजतात.

गाडीचे पोट ही या वाटेवरील खरी नाजूक जागा. पूर्ण भरलेली मोटार एरवीपेक्षा दोन-तीन बोटे खाली बसते. रस्त्याची कामे जिथे चालू असतात तिथे उघडी पडलेली मोठी खडी इंजिनाच्या तेलाच्या चेंबरवर आदळते. गॅरेजमध्ये गाडी उचलून चेंबरखालचा संरक्षक पत्रा जागेवर आहे ना, त्याचे बोल्ट घट्ट आहेत ना, हे पाहून घ्यावे. चेंबरला लहानशी चीर गेल्यास एम-सीलसारखा लगदा तात्पुरता उपयोगी पडतो. पण तेलाचा लाल दिवा लागल्यावर गाडी पुढे रेटू नये. त्याचे एक कारण यांत्रिक आहे आणि दुसरे विम्याचे. दुसऱ्याकडे पुढे यायचेच आहे.

छत्तीसगडच्या हिवाळ्याचा आणखी एक खास धोका आहे, तो कोणत्याही गाडीच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा धान कापणीचा, मळणीचा आणि विक्रीचा काळ. गावोगावी डांबरी रस्त्यावरच धान पसरलेले असते आणि जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी आपोआप उरकली जाते. शेतकऱ्याची सोय होते, मोटारीच्या पोटात मात्र पेंढा अडकतो. इंजिनालगतची धूर शुद्ध करणारी नळी चालत्या गाडीत कित्येक शे अंशांना तापलेली असते. वाळका पेंढा तिला चिकटला तर पेट घेऊ शकतो. अशा पट्ट्यातून गेल्यावर पुढे थांबून खाली वाकून पाहावे आणि काठीने पेंढा ओढून काढावा. वाळलेल्या गवतावर किंवा सालाच्या पाचोळ्यावर गाडी उभी करू नये. हाताशी येईल अशा जागी, म्हणजे चालकाच्या आसनाखाली, एक किलोचे अग्निशामक असावे. सामानाच्या ढिगाखाली असलेले अग्निशामक म्हणजे नसलेलेच.

साडेपाचचा सूर्यास्त

पुण्या-मुंबईहून आलेले नातेवाईक या प्रवासात एक चूक हटकून करतात. त्यांच्याकडे डिसेंबरअखेर सूर्य सहानंतर मावळतो. भिलाई कितीतरी पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. इथे साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि जंगलात त्याच्याही आधी सावल्या एकमेकींत मिसळतात. चहा घेऊन पाचला निघू, असे म्हणणाऱ्यांना पुढे तेरा तासांची रात्र असते. दिवसाचा प्रवास सकाळी धुके विरल्यावर सुरू करून दुपारी चारपर्यंत संपवावा. नकाशावरचे अंतर ताशी साठने भागण्याची सवय इथे सोडावी. जगदलपूरपर्यंत ती जेमतेम चालते, पुढे चाळीसने भागावे, आणि आलापल्लीच्या परिसरात सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोर आले तर त्याहूनही कमी.

तरीही कधी उशीर होतोच, आणि पहाटेचे धुकेही वाटेत गाठते. त्यासाठी हेडलाइटची दिशा गॅरेजमध्ये नीट करून घ्यावी. डिकी भरली की गाडीचे नाक वर होते आणि प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. धुक्यात वरचा झोत लावल्यास पांढरी भिंतच समोर उभी राहते, खालचा झोत आणि पिवळे फॉग लॅम्प उपयोगी पडतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची पद्धत चुकीची आहे, कारण त्यामुळे गाडी उभी आहे की वळते आहे हे मागच्याला कळत नाही. काचेला आतून बाफ धरते ती फडक्याने न पुसता ए.सी. चालू करून काचेकडे वळवावी. ताशी साठच्या वेगात गाडी पूर्ण थांबायला चाळीस ते पन्नास मीटर लागतात. दिसते आहे वीस मीटर आणि वेग आहे साठ, तर मधल्या अंतरात जे असेल त्यावर गाडी जाणारच. आणि या दिवसांत तिथे बहुधा काहीतरी असते. धानाने लादलेली, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी किंवा डांबराच्या उबेला येऊन बसलेली गुरे.

इंधन, डिकी आणि खिसा

इंधनाबाबत एकच नियम पुरे. काटा अर्ध्यावर आला की टाकी रिकामी समजावी आणि पुढच्या पंपावर भरून घ्यावी. जगदलपूर सोडताना ती काठोकाठ असावी. बाटल्यांतून किंवा प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल सोबत नेणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. एप्रिल २०२० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांना धूर शुद्ध करण्यासाठी एक वेगळा निळ्या झाकणाचा द्रव लागतो. तो संपल्यावर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, आणि हा द्रव लहान गावात मिळेलच असे नाही. भिलाईतच तो भरून घ्यावा.

डिकी भरण्याचाही एक क्रम आहे. जॅक, पाना, फळी, दोर, केबल, डोक्याला बांधायचा दिवा, जुने हातमोजे, फ्यूज, चिकटपट्टी आणि लोखंडी तार या वस्तू एका वेगळ्या पिशवीत सर्वांत शेवटी ठेवाव्यात, म्हणजे दार उघडताच त्या हाती येतील. स्टेपनी डिकीत असेल तर तिच्यावर मोठ्या बॅगांचा ढीग रचू नये. अंधारात, रस्त्यावर चटई टाकून लोणच्याच्या बरण्या आणि स्वेटर उतरवत बसण्याची वेळ येते. परावर्तक त्रिकोण मात्र गाडीच्या आत, आसनामागे असावा. प्रत्येक माणशी चार लिटर पाणी, दोन वेळचे सुके खाणे, घोंगडी आणि घरातील ज्येष्ठांची आठ दिवसांची औषधे हा साठा परतेपर्यंत मोडायचा नाही, असे आधीच ठरवून टाकावे.

खिशाकडे वळताना ग्राहकांना एक आठवण द्यावीशी वाटते. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की पाकिटात शंभराची नोट नसलेली माणसेही लांबच्या प्रवासाला निघतात. जिथे नेटवर्क नाही तिथे ही सुविधा चालत नाही. पंक्चरवाला, आठवडी बाजारातील विक्रेता, ट्रॅक्टरने गाडी ओढून देणारा शेतकरी यांना द्यायला रोख रक्कमच लागते, तीही सुट्या नोटांत. जगदलपूर हे या वाटेवरील शेवटचे मोठे शहर. तिथल्या एटीएमवर विसंबण्यापेक्षा भिलाईतूनच रक्कम काढून दोन ठिकाणी विभागून ठेवावी.

वाहनाची कागदपत्रे मोबाइलमधील डिजिलॉकरमध्ये असली तरी ती उघडायलाही नेटवर्क लागू शकते. नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, प्रदूषण प्रमाणपत्र आणि विमापत्र यांच्या छापील प्रती एका जाड पाकिटात असाव्यात. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या विमापत्रावर बँकेचे नाव बरोबर नोंदले आहे ना, हेही पाहावे. नूतनीकरण घाईत केले की ते पुष्कळदा गळते आणि मोठ्या नुकसानीचा दावा तेवढ्यावरून रेंगाळतो. फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. मालक-चालकाच्या अपघात विम्याची रक्कम २०१९ पासून १५ लाख रुपये आहे, पण ती मालक-चालकापुरतीच. शेजारी आणि मागे बसलेल्या कुटुंबीयांसाठी वेगळी तरतूद करावी लागते.

आता तो लाल दिवा. दगड लागून चेंबर फुटले तर ती दुर्घटना मानली जाते आणि चेंबरची भरपाई मिळू शकते. पण तेल गळत असताना गाडी चालवत राहिल्याने इंजिन जाम झाले, तर ते चालकाने ओढवून घेतलेले पुढचे नुकसान ठरते आणि सर्वसाधारण विमापत्रात ते बसत नाही. काही हजारांचा खर्च लाखावर जातो तो अशा दहा किलोमीटरच्या हट्टापायी. इंजिनासाठीचे जोड-संरक्षण थोड्या वाढीव हप्त्यात मिळते. या प्रवासापूर्वी नूतनीकरण येत असेल तर त्याचा विचार करावा, आणि त्यातील अटीही वाचाव्यात. रस्त्यावरील मदतीची योजना किती किलोमीटरपर्यंत लागू आहे हेही विचारून घ्यावे, कारण ती कंपनीच्या जवळच्या केंद्रापासून मोजली जाते.

दल्ली-राजहराची फेरी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. गॅरेजमध्ये हात फिरलेल्या गाडीत कुठेतरी एखादा पाइप सैल राहतो, एखादा नट आवळायचा राहून जातो. काम पंधरा दिवस आधी उरकावे आणि मग एका रविवारी गाडी भरलेल्या स्थितीत लांब फिरवून आणावी. भिलाईकरांना यासाठी बालोदमार्गे दल्ली-राजहराचा रस्ता सोयीचा आहे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून तिला लागणारे लोहखनिज याच डोंगरांतून आले. त्या तांबड्या मातीत खनिजाचे ट्रक, उखडलेल्या कडा आणि थोडे जंगल असे पुढच्या प्रवासातील बहुतेक सर्व नमुने पाहायला मिळतात. तांदुळा जलाशयाच्या काठी डबा खाऊन संध्याकाळी परत यावे. त्या रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका दिसला तर दुरुस्तीला अजून दोन आठवडे हातात असतात.

या फेरीत माणसांचीही परीक्षा होते. कोणाला वळणावर मळमळते, आजोबांचे गुडघे किती वेळाने आखडतात, दुसरा चालक भरलेली गाडी कशी हाकतो, हे तेव्हाच कळते.

बस्तर आणि गडचिरोलीच्या या पट्ट्याने अनेक दशके माओवादी हिंसाचार सोसला आहे. अलीकडच्या वर्षांत इथे रस्ते आणि पूल वेगाने झाले आणि परिस्थिती पुष्कळ पालटली. तरीही निघण्यापूर्वी संबंधित जिल्ह्याच्या पोलिसांकडे मार्गाची चौकशी करावी, डांबरी मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेने आत शिरू नये आणि सुरक्षा दलांच्या छावण्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा. गूगलने सुचवलेली जवळची वाट कित्येकदा एखाद्या नाल्याच्या काठी संपते. गावात अडचण सांगितली तर माणसे धावून येतात, हा या भागातून प्रवास करणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. गोंडी किंवा हल्बीचा एक शब्द येत नसला तरी उघडे बॉनेट सर्वांना समजते.

घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे मुक्कामांची तारीखवार यादी लिहून द्यावी. रोज संध्याकाळी सहापर्यंत कुठल्या गावातून फोन येईल आणि तो न आल्यास रात्री नऊला कोणाला कळवायचे, एवढे त्या कागदावर असले म्हणजे झाले. आपत्कालीन क्रमांक ११२ देशभर एकच आहे, पण तोही नेटवर्क असेल तरच लागतो. म्हणून गाडी बंद पडल्यास सर्वांनी गाडीजवळच थांबावे, आणि पहिल्या जाणाऱ्या बस किंवा ट्रकचालकाच्या हाती पुढच्या ठाण्यासाठी चिठ्ठी द्यावी. गाडीचा क्रमांक, जागा, माणसांची संख्या आणि वेळ. वही आणि पेन त्यासाठी हातमोज्यांच्या कप्प्यात असू द्यावे.

निघायच्या दिवशी पहाटे घाई करू नये. चहा होईपर्यंत सूर्य वर येतो, सेक्टरमधले धुके झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढते. चाके थंड असतानाच हवा पुन्हा एकदा पाहावी, काचा आतून-बाहेरून पुसाव्यात, मीटरवरचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि साडेसातला गाडी बाहेर काढावी.

परत आल्यावर, सामान उतरवण्याआधी, वाटेत बदललेले चाक पंक्चरवाल्याकडे टाकावे. दुसऱ्या दिवशी गाडीचे पोट पाण्याच्या झोताने धुवावे. तांबड्या चिखलाखाली पेंढ्याची काडी, सैल झालेला पत्रा, पोचा आलेले चेंबर असे काही ना काही निघतेच.